लाल दोऱ्याचं भांडं

आक्का, हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की मी गोठ्यात निघून जायचो. गोठ्यात काही ना काही काम असतंच, आणि गाई काही विचारत नाहीत. तू डिंभ्याला एकटी राहत होतीस तोवर वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. आता तू गेलीस, त्याला महिनाही झाला नाही. प्रकाशनं फोन ठेवला आणि म्हणाला, "आप्पा, आत्या गेली." खरं सांगतो, तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता ते सांगायला नको. क्षणभरच वाटलं असेल. मग त्याच जागी जी भीती येऊन बसली ती अजून उठलेली नाही.

भाऊजी गेल्यावर तू डिंभ्याहून आपल्या पिंपरी पेंढारच्या घरी आलीस, तेव्हा माझ्या घरात बाईमाणूस नव्हतं. प्रकाशची आई जाऊन वर्ष झालं होतं. तू चूल हातात घेतलीस, प्रकाशचं लग्न लावलंस, मनीषाला सून म्हणून आत घेतलंस. पण तुझी पेटी कधी पलंगाखालून पुढं आली नाही. परत आलेली बहीण घरात कशी चालते ते मी रोज पाहत होतो. आपल्याच आईबापाच्या घरात तू दार हळू लावायचीस.

सई झाली आणि तुझं पाऊल जरा मोकळं पडायला लागलं. मग कळलं की पोरीला दूध चालत नाही. दूध नाही, दही नाही, तूप नाही, बिस्किटसुद्धा नाही. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे नुसतं बाधणं नव्हे, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. ज्या घरात दोन्ही वेळच्या धारा निघतात, दारात किटल्या उपड्या पडलेल्या असतात, त्या घरात हे ऐकायचं! मी म्हणालो, "दुधाच्या घरची पोर आणि दूध चालंना? लोक हसतील."

तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लोकांला कुठं प्यायचंय? तिला प्यायचंय."

आणि मग तुझं ते खूळ सुरू झालं. मनीषाच्या मोबाइलवर कुणीतरी बाई काचेच्या पेल्यात रंगीत काहीतरी ओतत होती. स्मूदी म्हणायची ती. तू चष्मा लावून पुढ्यात बसलीस. "मनीषा, ही बाई लई भराभरा बोलती. थांबव की जरा तिला. आणि ह्ये बदामाचं दूध कुठं मिळायचं गं? आपल्याला नारळ बरा." त्या बाईचं अर्धं ऐकलंस आणि अर्धं स्वतःचं केलंस. ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळायचं, ते दूध. पिकली केळी चकत्या करून डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे बर्फ घालून पांचट करायला नको. मिक्सरमध्ये आधी पातळ, मग मऊ फळ, सगळ्यात वर गोठलेलं, नाहीतर पातं अडकून नुसतं घुरघुरतं. आणि दाटपणाला नाचणीचं शिजवून गार केलेलं सत्त्व, ते तुझं डिंभ्याकडचं. आंब्याच्या दिवसांत आपल्या बांधावरचा हापूस, नंतर चिकू, पपई, डाळिंबाचा गाळलेला रस. सई पेला दोन्ही हातांनी धरायची आणि वरच्या ओठावर पिवळी मिशी घेऊन सगळ्यांना दाखवत फिरायची.

मलाही अर्धी वाटी द्यायचीस. मी मुद्दाम म्हणायचो, "चांगलंय, पण यात दूध असतं तर बहार आली असती."

"मग ते मिल्कशेक झालं असतं, राव. आणि पोरगी दवाखान्यात."

त्या कामासाठी मिक्सरचं एक भांडं तू वेगळं केलंस. त्याच्या मुठीला लाल दोरा बांधलास. त्याचा चमचा वेगळा, पेला वेगळा, जागा वरच्या फळीवर. धार काढून आलेल्या माणसानं तिकडं हात न्यायचा नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत तुझी हाक यायची, "आप्पा, हात!" मला राग यायचा. माझ्याच घरात मला विटाळ झाल्यासारखं. आता तीच हाक कानात घेऊन मी रोज उंबऱ्यात थांबतो. कुणी हाक मारत नाही, तरी थांबतो.

आपल्या भागात माणसाला भीती कशी बाळगायची ते लहानपणापासून शिकवतात. उसाच्या कडेनं जाताना मोठ्यानं बोलायचं, मोबाइलवर गाणी लावायची, पोराला मधे घालून चालायचं, म्हणजे बिबट्या वाट सोडतो. पण दुधाला भ्यायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दुसऱ्याच गोष्टीला भीत होतो.

तांबडी गाय व्याली ते वर्ष आठव. त्याआधी एका गाईची कास सुजली, ती दुधातून गेली. दुसरीचं वासरू पोटातच गेलं. मी रोज सकाळी तांबडीच्या कासेला हात लावताना देवाचं नाव घ्यायचो. आपल्या गोठ्याची रीत तुला माहीत होती, आईनंच दोघांना शिकवलेली. चिकाचे दिवस सरले की पहिल्या चांगल्या दुधाची खीर गोठ्यातल्या देवाला दाखवायची आणि घरातल्या प्रत्येकाच्या जिभेला लावायची. एक जरी तोंड राहिलं तरी गाय आटते, असं आई म्हणायची. पाळण्यातल्या पोराच्या ओठालाही बोट लावायची ती.

आदल्या दिवशी मी तुला विचारलं, "सईचं कसं करायचं?"

"कसं म्हंजे? तिला न्हाई द्यायची."

"मग तोंड राहिलं की."

तू हसलीस. "तिच्या वाटची मी खाते. दोन डाव खाते. देवाला काय, तोंडं मोजायचीत व्हय?"

"आई असं नसती म्हणाली."

"आईला असली नात नव्हती आप्पा."

तेवढ्यावर ते बोलणं राहिलं. तू दळण आणायला निघालीस आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत राहिलो. देव तोंडं मोजतो की नाही, हे मी आजही तुझ्याशी भांडतो आहे. फक्त आता तुझ्या बाजूनं भांडतो.

दुसऱ्या दिवशी खीर झाली. देवाला दाखवली. प्रकाशनं खाल्ली, मनीषानं खाल्ली, तू खरंच दोनदा खाल्लीस. दुसऱ्या वेळी डोळे मिटून म्हणालीस, "ह्ये आमच्या सईबाईचं." सगळे हसले. मी हसलो नाही. जरा वेळानं माझी वाटी हातात घेऊन स्वयंपाकघरात आलो. ओट्यावर सईचा पेला होता, आंब्याचा, काठोकाठ भरलेला. तू तो ओतून लाल दोऱ्याचं भांडं घेऊन मागच्या मोरीवर धुवायला गेली होतीस. पाण्याचा आवाज येत होता. सई अंगणात वासराशी बोलत होती.

आक्का, मी चमच्याचं नुसतं टोक बुडवलं. खीरसुद्धा नव्हे, वरचं दूध. ते पेल्यात घालून ढवळलं. देवाचा प्रसाद, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणालो स्वतःशी. मग मीच सईला हाक मारली. तिनं पेला माझ्या हातातून घेतला.

तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. "आजोबा, घशात टोचतंय." ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. प्रकाशनं गाडी काढली. मनीषा मागं पोरीला उभी धरून बसली. तू पुढं, मी तुझ्या शेजारी अर्धा दाराबाहेर. हायवेला लागेपर्यंत तू एकच बोलत होतीस, "सई, श्वास घे. घे बाळा. घे." मी दार घट्ट धरून बसलो होतो. मला वाटत होतं, तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल.

इंजेक्शन लागू पडलं. पोर झोपली, रंग परत आला. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "दुधाचं काहीतरी पोटात गेलंय. काय दिलं होतं?"

तू सांगितलंस. आंबा, केळ, नारळाचं दूध, नाचणीचं सत्त्व. एकही गोष्ट चुकली नाही.

"भांडं वेगळं असतं ना?"

"येगळंच हाय. दोरा बांधलाय."

"नीट धुतलेलं होतं?"

तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. हे लिहून ठेवतो, मीही पाहिलं. तू आपल्या हाताकडं बघितलंस, पालथा केलास, उताणा केलास. "मीच धुतलं व्हतं," म्हणालीस. मग, "ऱ्हायलं असंल कुठंतरी."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं उत्तर मिळालं होतं. पोर वाचली आहे, आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला प्रकाशच्या तोंडाची भीती वाटली. पोरीला माझ्यापासून लांब ठेवतील ही भीती वाटली. माणसानं आपल्या नातीला देवापुढं घातलं, असं गाव म्हणेल याची भीती वाटली. एवढ्या भीतीत तू मला दिसलीच नाहीस.

मनीषा तुला टाकून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, सईचं आता मी बघत जाईन. तुम्ही राहू द्या." त्यानंतर तू ते भांडं रोज धुवायला लागलीस, कुणी वापरत नसताना. राखेनं, साबणानं, लिंबानं. पात्याखालची रबराची चकती काढून उकळून काढलीस. एक दिवस भांडं घेऊन माझ्याकडं आलीस. मी अंगणात दोर वळत बसलो होतो.

"आप्पा, वास घे. दुधाचा येतो का?"

मी वास घेतला. लिंबाचा येत होता. "नाही येत."

"न्हाई कसा? नीट घे. मग पोरीला झालं कशानं?"

तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. अंगणात आपण दोघंच होतो. एवढी सोपी वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. मी दोराला पीळ दिला आणि म्हणालो, "होतं एखाद वेळी."

आठवड्यानं तुझी पेटी पलंगाखालून पुढं आली. "मला माझ्या हाताचं भ्या वाटतंया आप्पा," म्हणालीस. "चहा गाळताना बी वाटतंया. पोर घरात हिंडती. मी आपली डिंभ्याला बरी." प्रकाशनं अडवलं, मनीषा रडली. मी "राहा गं" म्हणालो, पण ते कसं म्हणालो ते तुला कळलंच असेल. पेटी मीच फाट्यावर नेली. लाल दोऱ्याचं भांडं तू फडक्यात गुंडाळून काखेत घेतलं होतंस. मी म्हणालो, "हे कशाला? तिथं मिक्सर कुठाय?"

"हितं नको. कुणीतरी चुकून वापरंल."

तांबडी आटली नाही. आटली असती तर बरं झालं असतं, मी देवाशी भांडलो तरी असतो. पुढची दोन वेतं ती भरभरून दूध देत राहिली, आणि प्रत्येक चरवी भरताना मी हिशोब करत बसायचो. वाटायचं, देवानं ते तोंड मोजलं. आणि त्याची भरपाई तुझ्याकडून घेतली.

मी डिंभ्याला यायचो ते सांगायलाच यायचो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत, दर स्टँडवर पहिलं वाक्य घोळवत. शेवटच्या खेपेला तू केळं आणि नाचणीचं सत्त्व रवीनं घुसळून माझ्यापुढं ठेवलंस, नारळाच्या दुधात. मी म्हणालो, "इथं कुणाला दूध चालत नाही?"

"हाताला विसर पडू नये म्हून करते. सई आली कधी तर?"

मग तू विचारलंस, "अंगावर परत उठलं न्हाई ना तिच्या?" मी नाही म्हणालो. डिंभ्याच्या धरणाकडं बघत तू म्हणालीस, "त्या दिवशी तू लई घाबरला व्हतास आप्पा. पोरीपरीस तुझंच त्वांड पांढरं पडलं व्हतं."

मी वाटी खाली ठेवली. "आक्का," म्हणालो, आणि खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. त्या गाडीनंतर गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. तू म्हणालीस, "पळ, चुकंल." आणि मी पळालो. म्हातारा माणूस, गुडघे धरून, उतारावरून पळालो. गाडीसाठी नाही पळालो, आक्का.

तुला माहीत होतं का? रोज संध्याकाळी हाच प्रश्न माझ्याशेजारी येऊन बसतो. माहीत होतं असं धरलं, तर तू माझा दोष डोक्यावर घेऊन माझ्या घरातून उठून गेलीस. माहीत नव्हतं असं धरलं, तर तू आपल्या स्वच्छ हाताला भीत भीत गेलीस. यातलं कोणतं मागावं ते मला कळत नाही.

तुझं सगळं उरकल्यावर आम्ही तुझी खोली आवरायला थांबलो. फळीवर धुतलेल्या फडक्यावर ते भांडं पालथं घातलेलं होतं. मुठीला दोरा होता. आपल्याकडचा दोरा इतक्या वर्षांत विरून गेला असता. हा नवा होता, लालभडक. तू तो बदलत होतीस. मनीषानं भांडं उचललं आणि पदराला पुसून पिशवीत घातलं.

परवा सकाळी सईनं ते फळीवरून काढलं. आता ती माझ्या खांद्याला लागते. दूध अजून चालत नाही तिला, इंजेक्शन दप्तरात असतं. म्हणाली, "आजोबा, आक्काआजीची स्मूदी तुम्हाला येते ना? तुम्ही बघितलीय. मला शिकवा." मी म्हणालो, "मला नको सांगू, आईला सांग." ती हसली. "घाबरता काय? मी नीट धुतलंय भांडं. आजीसारखं नाही करणार."

आजीसारखं नाही करणार. पोरीनं सहज म्हटलं ते, प्रेमानंच म्हटलं. तू आपल्या घरात आता एवढीच उरणार होतीस, भांडं नीट न धुणारी आजी. ही पोर पुढं आपल्या पोरांना तेच सांगेल.

मी तिला म्हणालो, "आईबाबांना बोलव." आणि ओट्याला धरून उभ्याउभ्या सांगितलं. चमच्याचं टोक, खीर, मोरीवरचं पाणी, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा गोठ्यात गेलो असतो. प्रकाश एकच म्हणाला, "डॉक्टर विचारत होते आप्पा. तेव्हा तरी." आणि बाहेर गेला. मला वाटलं होतं मनीषा ओरडेल. ती खाली बसली. म्हणाली, "आणि मी आत्यांना म्हणाले, राहू द्या." पुन्हा म्हणाली, "राहू द्या म्हणाले मी." याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी इतकी वर्षं माझं ओझं सांभाळत होतो, आणि उतरवलं ते तिच्या अंगावर.

सईनं मिक्सर लावला. नारळाचं दूध, पपई, वर गोठलेलं केळ. क्रम बरोबर होता, बहुतेक लहानपणी तुझं बघूनच तिनं उचललेला. आवाज सुरू झाला आणि मी भिंतीला टेकलो. तिनं पेला भरला, प्यायली. मी तिच्या ओठांकडं, मानेकडं, श्वासाकडं बघत राहिलो. काही झालं नाही. पेला तिनं माझ्याकडं दिला नाही, स्वतःच धुतला. तिचा राग आहे. असू दे. तू असतीस तर तिला समजावलं असतंस, मलाही माफ केलं असतंस, म्हणून तर मला तुझी जास्त भीती वाटायची.

आता डिंभ्याला जाऊन सांगायला कुणी नाही. फाट्यावर उभा राहिलो तरी गाडी पकडून कुठं जायचं? त्या दिवशी वाटी खाली ठेवून "आक्का" म्हणालो होतो, त्याच्या पुढचं वाक्य घोडेगावच्या स्टँडवर पाठ केलेलं होतं. तेच लिहितो.

आक्का, पोरीच्या पेल्यात दूध मी घातलं. मला माफ कर. तुझं भांडं स्वच्छ होतं.